स्कोपवर लिहिलंय ५०, झाकण लागतं ५७ चं: रायफल स्कोपच्या झाकणांचं माप कसं घ्यायचं

रायफलवर लावायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या अंगावर ‘३-९×४०’ असं छापलेलं असतं. ते वाचून माणूस ४० मिलिमीटरचं झाकण मागवतो आणि पार्सल उघडल्यावर ते स्कोपच्या तोंडावर चढतच नाही. मग परत पाठवा, पुन्हा मागवा. गफलत होते ती आकड्याचा अर्थ न कळल्यामुळे. ३-९ म्हणजे लक्ष्य तीन ते नऊ पट मोठं दिसणार, आणि ४० म्हणजे पुढच्या काचेचा, ऑब्जेक्टिव्हचा व्यास. झाकण काही काचेवर बसत नाही. काच ज्या घंटेसारख्या धातूच्या तोंडात बसवलेली असते, त्या तोंडाला ते बाहेरून बसतं. धातूची जाडी, काच धरून ठेवणारं आतलं कडं, एखाद्या स्कोपला रबरी किनार, हे सगळं धरून बाहेरचा व्यास काचेपेक्षा बहुधा पाच ते दहा मिलिमीटरने मोठा निघतो.

ढोबळ अंदाज हवा असेल तर: ३२ ची काच असेल तर बाहेरून ३७ ते ४१, ४० ची असेल तर ४५ ते ५०, ५० ची असेल तर ५६ ते ५९ आणि ५६ ची असेल तर ६२ ते ६५ मिलिमीटर. १-६×२४ सारख्या सरळ नळीच्या स्कोपला घंटा नसतेच. नळी ३० ची असेल तर तोंडही ३० चंच. हे आकडे फक्त अंदाजासाठी, यावर ऑर्डर देऊ नका. एकाच कंपनीच्या दोन ‘५०’ च्या स्कोपमध्ये बाहेरून दीड-दोन मिलिमीटरचा फरक सहज सापडतो, आणि कडक प्लास्टिकच्या झाकणाला अर्धा मिलिमीटरही पुरतो बसण्या-न बसण्याला. मागच्या बाजूचा, म्हणजे आयपीसचा आकडा तर कुठेच छापलेला नसतो. तो ३८ पासून ४६ पर्यंत काहीही असू शकतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. ते पाहून नेमबाजीकडे वळलेल्यांनी लक्षात घ्यावं की त्या प्रकारात आणि १० मीटर एअर रायफलमध्ये दुर्बीण चालत नाही, तिथे बारीक छिद्रातून नेम धरायची पीप साइट असते. त्यांना या झाकणांची गरज नाही. हा लेख एअर रायफलवर स्कोप लावून कागदी टार्गेट किंवा फील्ड टार्गेट मारणाऱ्यांसाठी, आणि परदेशात राहून तिथल्या रेंजवर किंवा परवाना काढून शिकारीसाठी स्कोप वापरणाऱ्यांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा इथे तो विषयच नाही.

आधी प्रकार ठरवा, मग माप

कोणतं माप लागणार हे झाकणाच्या प्रकारावर ठरतं, म्हणून क्रम असा.

स्कोपबरोबर फुकट येतात ती दोन रबरी टोपणं, इलॅस्टिकच्या दोरीने एकमेकांना जोडलेली. माप थोडं मागेपुढे झालं तरी ताणून बसतात. कपाटात आणि प्रवासात उत्तम, पण झटकन काढायची म्हटलं की दोरी टरेटमध्ये, म्हणजे नेम जुळवायच्या गोल खुंटीत अडकते.

सगळ्यात जास्त वापरात आहेत ती बिजागरीची, स्प्रिंगवर उघडणारी झाकणं. यात दोन जाती. एक कडक प्लास्टिकची: बटलर क्रीकची झाकणं अशी असतात, प्रत्येक मापाला क्रमांक असतो, आणि पुढच्या झाकणांचे क्रमांक वेगळे, आयपीसचे वेगळे. पुढच्या आणि मागच्या झाकणाचा नंबर एकच असला तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे कितीतरी जणांना ऑर्डर दिल्यावर कळतं. दुसरी जात लवचिक रबरी कॉलरची, जिच्यावर ‘इतक्यापासून इतक्या मिलिमीटरपर्यंत’ अशी मर्यादा दिलेली असते. नवख्या माणसाने हीच घ्यावी. मापात थोडी चूक पचते.

तिसरा प्रकार आट्यांवर फिरवून बसवायच्या धातूच्या झाकणांचा. टेनेब्रेक्स किंवा लूपोल्डची झाकणं या जातीची. बसतात अगदी पक्की, पण इथे बाहेरचा व्यास उपयोगाचा नाही. तोंडाच्या आतल्या बाजूला आटे आहेत का, त्यांचा व्यास किती आणि दोन आट्यांमधलं अंतर किती, हे तिन्ही जुळावं लागतं. व्यास जुळला आणि आट्यांमधलं अंतर वेगळं असलं, तर अर्धा-पाऊण फेरा गोड फिरतं आणि मग अडतं. तिथे जोर लावला की ॲल्युमिनिअमचे आटे कातरले जातात. म्हणून या प्रकारात मापापेक्षा स्कोपच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल बघूनच घ्यावं.

नियोप्रीनचा आख्खा गलाफही मिळतो. त्याला स्कोपची एकूण लांबी आणि पुढच्या तोंडाचा व्यास एवढंच लागतं. लांबी मोजताना सनशेड (तोंडापुढे लावायची, ऊन अडवणारी नळी) लावून वापरणार असाल तर तीही धरा.

माप घेणं

हत्यार हातात घेतल्यावर पहिलं काम एकच: मॅगझीन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) उघडून डोळ्याने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायच्या) एअर रायफलमध्ये नळीत छर्रा राहिलेला नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे बघा. स्कोप काढून टेबलावर मोजता आला तर आणखी चांगलं, पण त्यासाठी मुद्दाम माउंट सैल करून झिरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम घालवू नका. बसवलेल्या स्थितीतही माप नीट घेता येतं.

साधन म्हणून व्हर्नियर कॅलिपर, तोच अकरावीच्या प्रॅक्टिकलमधला. यांत्रिक व्हर्नियरचं लघुत्तम माप प्रकारानुसार ०.१ ते ०.०२ मिलिमीटर असतं, डिजिटलचं ०.०१ दिसतं, आपल्याला ०.१ पर्यंत कळलं तरी भागतं. प्लास्टिकचा स्वस्त कॅलिपर इथे उलट बरा, कारण स्टीलच्या जबड्यांनी स्कोपच्या काळ्या ॲनोडायझिंगवर ओरखडा पडतो. स्टीलचाच असेल तर दोन्ही जबड्यांना कागदी मास्किंग टेपचा एकेक तुकडा लावा, जबडे मिटून शून्य त्रुटी वाचा आणि तेवढी वजा करा.

आता पुढच्या तोंडाच्या अगदी कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मागे जबडे टेकवा. कॅलिपर किंचित वर-खाली डोलवत जा. आकडा वाढत वाढत एका ठिकाणी थांबतो आणि उतरू लागतो. तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे व्यास. जबडे दाबू नका, नुसते टेकले पाहिजेत. मग कॅलिपर ९० अंशांत फिरवून दुसरं माप घ्या. दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक आला तर एकतर जबडे तिरके धरलेत, नाहीतर तोंडाला ठोका बसून ते लंबगोल झालंय. शेवटी कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर मागे तिसरं माप.

हे तिसरं माप लोक घेत नाहीत, आणि झाकण महिन्याभरात सुटून पडण्याचं मुख्य कारण तिथेच असतं. झाकणाच्या कॉलरला बसायला १५ ते २० मिलिमीटर सरळ जागा हवी. घंटेचा उतार लगेच सुरू होत असेल, म्हणजे कडेला ५७.० आणि पंधरा मिलिमीटर मागे ५५.८ येत असेल, तर कॉलरची पकड फक्त पुढच्या चार-पाच मिलिमीटरवर राहते. दिसायला घट्ट, पण झाकण दहा वेळा उघडलं-मिटलं की पुढे सरकत येतं. अशा स्कोपला कडक प्लास्टिक नको, लवचिक कॉलर घ्या.

कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी. साध्या कागदाची एक सेंटिमीटर रुंद सरळ पट्टी कापा, तोंडाभोवती ताणून गुंडाळा, जिथे टोक दुसऱ्या थरावर येतं तिथे टोकदार पेन्सिलने खूण करा, पट्टी उघडून स्टीलच्या पट्टीवर मोजा आणि ३.१४१६ ने भागा. परीघ १७९ आला तर व्यास ५६.९८, म्हणजे ५७. परीघात एक मिलिमीटरची चूक झाली तर व्यासात फक्त ०.३२ ची होते, म्हणून ही पद्धत वाटते त्यापेक्षा बरीच अचूक आहे. तीन वेळा करून सरासरी घ्या. दोरा वापरू नका, ताणला जातो. शिंप्याची टेपही नको, तीही ताणते, शिवाय जाड असते. आणि फूटपट्टी तोंडावर आडवी धरून ‘साधारण छप्पन्न’ असं वाचणं म्हणजे माप नव्हे.

आयपीसलाही हेच, पण तिथे दोन गोष्टी जास्त बघायच्या. आयपीसच्या मागच्या कडेला बहुतेक वेळा रबरी कडं असतं, डोळ्याच्या वर लागू नये म्हणून. ते कॅलिपरखाली दबतं आणि माप अर्धा मिलिमीटर कमी येतं. इथे कागदाची पट्टी न दाबता गुंडाळून घेतलेलं माप जास्त खरं. दुसरं, काही जुन्या वाइड-अँगल स्कोपचा आयपीस गोल नसून टीव्हीच्या पडद्यासारखा चपटा असतो. त्याला गोल झाकण बसणार नाही, त्यासाठी त्याच मॉडेलचं झाकण शोधावं लागतं किंवा रबरी टोपणावर भागवावं लागतं.

मापं वहीत लिहा: पुढचं कडेला, पुढचं मागे, आयपीस कडेला, आयपीस मागे. कंपनी अमेरिकन असेल तर तक्ता इंचांत असतो, २५.४ ने भागा. ५७ मिलिमीटर म्हणजे २.२४४ इंच. सव्वादोन इंच म्हणून मोकळे होऊ नका, सव्वादोन म्हणजे ५७.१५ होतात.

फिरणारे भाग

माप बरोबर असूनही झाकण चुकीचं ठरतं ते या भागामुळे. झाकण ज्या जागेवर बसणार ती जागा स्थिर आहे की फिरते, हे आधी हाताने फिरवून पाहा.

एअर रायफलच्या पुष्कळ स्कोपना पुढच्या तोंडावरच पॅरॅलॅक्सचं, म्हणजे लक्ष्याच्या अंतराप्रमाणे जुळवायचं कडं असतं, त्याला एओ (ॲडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) म्हणतात. १०, २०, ५० यार्ड असे आकडे त्यावर कोरलेले असतात. हे कडं असलेल्या ४० च्या स्कोपचं तोंड साध्या ४० च्या स्कोपपेक्षा जाड असतं, त्यामुळे वर दिलेला अंदाज इथे हमखास फसतो. झाकण कड्याच्या पुढच्या, स्कोपच्या तोंडाच्या भागावर बसतं आणि कडं फिरवलं की झाकणही फिरतं. १० यार्डांवर बिजागरी वर होती, ५० वर ती बाजूला जाते. याला इलाज नाही, पण कोणत्या अंतरावर बिजागरी कुठे असावी हे ठरवून बसवता येतं: जे अंतर सर्वांत जास्त वापरता त्यावर कडं ठेवा आणि मग झाकण चढवा. कॉलर कड्यावर आणि स्थिर भागावर दोन्हीकडे टेकत असेल तर कडं जड फिरतं किंवा फिरतच नाही; अशा वेळी कमी खोलीच्या कॉलरचं झाकण घ्या. पॅरॅलॅक्सचं चाक बाजूला असेल तर ही सगळी कटकट नाही.

आयपीसला दोन तऱ्हा. एका तऱ्हेत फक्त मागचं फोकसचं कडं फिरतं. दुसऱ्या तऱ्हेत झूम बदलताना आख्खा आयपीसच फिरतो, आणि त्याबरोबर झाकणाची बिजागरीही. कमी झूमवर उघडं झाकण वर, जास्त झूमवर ते बोल्टच्या (गोळी भरायला ओढायच्या दांड्याच्या) हँडलवर, असं होतं. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त झूमवर बिजागरी कुठे येते ते बसवण्याआधीच चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहून घ्यावं.

नळीपासूनची जागा

स्कोपचं तोंड आणि बंदुकीची नळी यांत किती फट आहे? व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवून त्या फटीत सरकवा. जेवढी मावतील तेवढ्यांची एकत्र जाडी कॅलिपरने मोजली की फट कळली. समजा ती ३ मिलिमीटर आली. झाकणाच्या भिंतीची जाडी म्हणजे बाहेरचा व्यास वजा आतला व्यास, भागिले दोन. बाहेरून ६१ आणि आतून ५७ असेल तर भिंत २ मिलिमीटर, फट उरली एक. एक मिलिमीटर ही खालची मर्यादा समजा. झाकण नळीला टेकलं तर गोळी सुटताना नळी थरथरते तो धक्का स्कोपला जातो, आणि नेम कधी इकडे कधी तिकडे जाऊ लागतो. मग माणूस स्कोपला, छर्ऱ्यांना आणि शेवटी स्वतःला दोष देत बसतो. फट कमी पडत असेल तर स्कोप धरणाऱ्या रिंगा एक पायरी उंच घ्या, झाकण तासत बसू नका.

ब्रेक-बॅरल एअर रायफलमध्ये आणखी एक अडचण. लांब स्कोपचं तोंड ब्रीचच्या (छर्रा घालतात त्या नळीच्या मागच्या तोंडाच्या) वर येत असेल तर झाकणाची जाडी आणि खाली उघडलेली बिजागरी छर्रा घालणाऱ्या बोटांच्या आड येते. बिजागरी तिथे खाली कधीच ठेवू नये.

तक्त्यातून निवड

आता वहीतलं माप घेऊन तक्त्याकडे जा. मॉडेलच्या नावावरून झाकण सुचवणारे तक्ते असतात, ते सुरुवातीला बघायला ठीक. पण त्याच नावाने कंपनी स्कोपचा आकार बदलते आणि तक्ता जुनाच राहतो. मॉडेलचा तक्ता आणि तुमचं माप यांत फरक दिसला तर मापावर विश्वास ठेवा.

लवचिक कॉलरच्या झाकणात तुमचं माप दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा वरच्या बाजूला यावं. अगदी खालच्या टोकाला येत असेल तर रबर पुरेसं ताणलं जात नाही आणि झाकण डुलत राहतं. कडक प्लास्टिकमध्ये नेमका क्रमांक घ्या, आणि दोन क्रमांकांच्या मध्ये अडकलात तर मोठा. थोडं सैल असलेलं टेपने घट्ट करता येतं, लहान पडलेल्याला जबरदस्तीने चढवलं की कॉलरला बारीक चीर जाते आणि ती थंडीत उकलते.

झाकणाचं तोंड काचेच्या आड येतंय का तेही बघा. काही झाकणांना आतून ओठ असतो. ४० च्या काचेवर ओठाचं छिद्र ३८ चं असेल तर उजेड जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी आत येतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं. दुपारी कळणार नाही, संध्याकाळी कळेल.

सनशेड कायम लावून ठेवत असाल तर झाकण सनशेडच्या तोंडाला बसणार, म्हणून माप सनशेडचं घ्या. पारदर्शक झाकणांचा मोह टाळावा असं आमचं मत. त्यातून दिसतं हे खरं, पण त्या प्लास्टिकवर ओरखडे पडले की लक्ष्याची कड विरघळल्यासारखी दिसते. घाईत एखादा नेम साधायला ठीक, गटात गोळ्या बसवायला नाही.

बसवणं

स्कोपचं तोंड कोरड्या मऊ कापडाने पुसा. तेलाचा अंश राहिला तर झाकण घसरतं. कडक प्लास्टिकचं झाकण पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, उकळत्या नाही. पुसून, बिजागरी हवी तिथे आधीच रोखून, सरळ दाबत चढवा. पिळून चढवायचं नाही, विशेषतः मागच्या बाजूला, कारण पिळताना आयपीसचं फोकस फिरतं आणि आतली नेमाच्या रेघांची जाळी धुरकट दिसू लागते. शेवटी ते तळाला टेकतं तेव्हा हाताला कळतं: दाब लागणं थांबतं आणि बारीकसा ‘टक्’ येतो. वंगण, गोंद, सुपरग्लू काहीही वापरू नका. सुपरग्लूची वाफ काचेवर पांढरं सावट धरते.

सैल वाटलं तर विजेच्या कामाची काळी पीव्हीसी टेप. ती साधारण ०.१२ ते ०.१५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एका वेढ्याने व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतो. एक वेढा, फार तर दोन. तिसरा लागतोय म्हणजे माप चुकलंय.

बिजागरी कुठे? घड्याळाच्या काट्यांवर विचार करा. उजव्या हाताने बोल्ट ओढणाऱ्याने आयपीसचं झाकण तीनवर उघडू नये, बोल्ट त्यावर आपटतो. नऊवर ठेवलं तर दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरणाऱ्याच्या डाव्या डोळ्यासमोर काळी तबकडी येते. म्हणून दहा ते बारा यांच्यामध्ये कुठेतरी. बारावर ठेवताना ते उलटं पडून एलिव्हेशनच्या (नेम वर-खाली करायच्या) टरेटला किंवा झूमच्या दांडीला लागत नाही ना हे पाहा. पुढचं झाकण झाडीतून चालणाऱ्यांनी नऊवर ठेवावं, बारावर ते झेंड्यासारखं उभं राहून फांद्यांत अडकतं.

बसवल्यावर कडं, झूम, फोकस सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बोल्ट चार वेळा ओढा. मग रेंजवर पाच गोळ्यांचा एक गट झाकणं लावून आणि एक काढून मारा. दोन गटांच्या मध्यात ठळक फरक दिसला तर झाकण कुठेतरी टेकतंय. स्प्रिंग-पिस्टन एअर रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो; त्याने हलक्या स्प्रिंगची झाकणं आपोआप उघडतात किंवा पुढे सरकतात. पन्नास छर्ऱ्यांनंतर झाकण किती सरकलं ते समजावं म्हणून सुरुवातीलाच स्कोपवर आणि कॉलरवर एक रेघ जुळवून आखून ठेवा.

पावसाळ्यात

कोकण, मुंबई, गोव्यात झाकणाचं माप जितकं अचूक, तितका एक धोका जास्त: घट्ट झाकण आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. चांगल्या स्कोपच्या आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असतो, त्यामुळे बुरशी बहुधा आतून नाही तर काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर धरते, नेमकी झाकणाखाली. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रेंजवरून आल्यावर झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली दोन-तीन तास, काचेच्या कडेला थेंब राहिला असेल तर ब्लोअरने उडवून, मगच मिटायची. स्कोप हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचा असेल तर झाकणं उघडीच राहू द्या, म्हणजे जेलचा उपयोग काचेपर्यंत पोचेल. डब्यातली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. साध्या पुड्यांपेक्षा रंग बदलणारं जेल घ्या, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. तो तवा मात्र नंतर स्वयंपाकाला घेऊ नका.